परत एकपासून

गांगुर्डेकाका नोटप्रेसमधून रिटायर.
छत्तीस वर्षं कोऱ्या नोटांतून
चुकलेली शाई वेचली.
आता बिटको चौकातल्या या खोलीत
माझ्या टेबलावर उताणे,
छातीवर गार जेल, वायरी.

पट्टी सरकते.
ठोका. ठोका ठोका. काहीच नाही. ठोका.
मान उचलून बघतात, म्हणतात,
"असला माल आम्ही बाद करायचो."

सकाळपासूनची ही चौथी.
मी नोकरीला लागले तेव्हा महिन्यातून एखादी यायची,
डॉक्टर सगळ्यांना बोलावून दाखवायचे.
आता जेल रोडची शिवणक्लासवाली, ओझरचा फिटर,
द्राक्षाच्या पॅकहाउसमधली एकोणचाळिशीची बाई,
जिला वाटायचं, चहा जास्त होतोय.
जगभरात कोटींच्या घरात, डॉक्टर म्हणतात.

"कोटी?" काकांचे डोळे लकाकतात.
"कोटी मोजलेत मी. एक नोट इकडची तिकडे नाही."

रक्त पातळ करायची गोळी.
दाढी जपून करा, मी सांगते,
आणि एकही चुकवू नका,
गुठळी विचारून येत नाही.

ते बटणं लावतात. एक वरखाली.
दारात थांबतात,
मनगटावर दोन बोटं.
ओठ हलतात, अडतात.
परत एकपासून.