पिंजरा क्रमांक सतरा

ओकूच्या डोंगरावर पांढरा मध होतो,
तुपासारखा थिजलेला, चमच्यानं कापावा असा.
त्याच्यासाठी माणसं लांबून येत, रस्ता चालू होता तेव्हा.
एस्सिंडीबाई मात्र याउंदेहून आल्या त्या उंदरांसाठी.
चाळीस पिंजरे, पत्र्याचे, घडीचे,
प्रत्येकावर खिळ्यानं ओरखडलेला आकडा,
आणि एक तक्ता, ज्यात प्रत्येक जातीला एकेक घर:
नष्ट. संकटात. असुरक्षित. चिंता नसावी.
अगदी तळाशी
माहिती अपुरी.

केमिंगच्या बापानं त्या तळाच्या घरावर बोट ठेवलं,
"इथला मेलेला की जिवंत?"
बाई म्हणाल्या,
"इथे आपण बघायला गेलोच नाही."

डोंगर पोखरून उंदीर काढला, असं म्हणायचं ते हसायला.
ही दोघं तीन वर्षं तो डोंगर चढली, उतरली,
आणि पाठीवर तुटक पट्ट्यांचा, तळ्याकाठच्या गवतातला
तो एक उंदीर त्यांना सहा वेळा दिसला.
सहाव्यांदा बाईंच्या चष्म्यावर वाफ धरली.
बापानं त्या रात्री पोळ्याचा मधला तुकडा
कुणाला न विचारता त्यांच्या पानात वाढला.

मग गोळ्या सुरू झाल्या.
आधी सोमवारचा बाजार बंद, मग शाळा, मग रस्ता.
बाई गेल्या. पिंजरे राहिले.
अकरा पिंजऱ्यांत आजीनं घेवड्याचं बी भरलं:
उंदरांपासून सुरक्षित.

उरलेले बाप लावत राहिला, महिन्यातून तीन रात्री,
केळं कुस्करून, भाजलेले दाणे घालून.
कुणी सांगितलं नव्हतं, पैसे तर नव्हतेच.
शाळेच्या जुन्या वहीत त्याचं जाड अक्षर:
काही नाही.
काही नाही.
चिचुंद्री, फार रागावलेली.
काही नाही. बंदुकांचे आवाज, म्हणून उशिरा तपासले.
"काही नाही हीसुद्धा माहितीच," तो म्हणायचा.

थोरला भाऊ कुंबोच्या वाटेला लागला
लाल जर्किनात, मोटरसायकलची बॅटरी काखेत घेऊन.
सहा वर्षं झाली.
आईनं त्याला अजून कुठल्याच घरात लिहिलेलं नाही.

बाप आता फुंबानला, खोकल्याच्या औषधासाठी;
वही केमिंगकडे.
काल पहाटे दवात पाय भिजवत ती गेली,
तर सतराचं दार पडलेलं.
उचलला. जड होता.
कापडी पिशवीत उतरवला, काट्याला टांगला:
अडतीस. पिशवीचे दोन वजा.
मादी. डावा कान फाटलेला. पट्टे तुटक,
जसे घाईत ओढलेले खडूचे,
आणि पिशवीतून अंगठ्याला लागणारी धडधड
इतकी जलद की मोजता येईना.
तिच्यासाठी तसा रकानाही नव्हता.

"सोडलीस?" आजी म्हणाली. "दोन असत्या तर रस्सा झाला असता."
"दोन असत्या तर," केमिंग म्हणाली,
आणि पुढचं तिनं बोललंच नाही.

धारेवरच्या खडकावर कधीकधी सिग्नल येतो.
तिथे उभं राहून तिनं बाईंना लिहिलं:
सतरामध्ये. जिवंत. मादी. सोडली.
वही चालू आहे.
एक टिक आली. दुसरीची वाट पाहत
ती ढग खाली तळ्यावर बसेपर्यंत थांबली.
एकच.

घरी येऊन तिनं आजीच्या अकराही पिंजऱ्यांतलं बी
एका उघड्या मडक्यात ओतलं,
पत्रे पुसले, दारांना मेण लावलं,
आकडे लावून ओळीनं मांडले.
आजी चुलीपासून बघत होती.
"आता उंदीर खातील की गं सगळं."
"सगळं नाही," केमिंग म्हणाली,
"थोडं खाऊ दे."