चिठ्ठी बदलायची नाही

उद्यमबागेत भट्टी नंबर दोनवर
मी चार्जिंगला होतो तेव्हा
फ्लोरस्पार पोत्यानं यायचा.
दोन पाट्या चुनखडी, वर अर्धी पाटी हा,
की लोखंडावरची मळी पातळ होऊन
वेगळ्या तोंडानं वाहून जायची.
आमच्या लेखी तो हिंगाएवढाच. चिमूटभर, आणि विसरायचा.

एकदा बसलिंगप्पानं फावडं थांबवलं.
काजळलेल्या तळहातावर जांभळा ठोकळा,
कडा अशा की सुताराला लाज वाटावी.
“नोड,” म्हणाला, “ईग नीरागतद.”
आता पाणी होईल याचं.
मग भट्टीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं,
आणि ठोकळा माझ्या खिशात सोडला.

त्याला आता अडतीस वर्षं झाली.
खडेबाजारातलं एक बटणांचं दुकान मोडलं
तेव्हा त्यांचं कपाट उचललं मी,
एकशेवीस खणांचं.
प्रत्येक खणावर नमुन्याचं बटण अजून शिवलेलंच आहे.
शिंपल्याच्या बटणामागं इंग्लंडचा हिरवा,
खिडकीशी नेला की निळा पडणारा.
पितळीमागं स्पेनचा. कोटाच्या काळ्या बटणामागं
नाशिककडचा पिवळा, गोल, मोतीचुराच्या लाडवासारखा.
आल्प्सचा गुलाबी अजून नाही.
त्याच्या किमतीत स्कूटर येते, असं गोदाक्का म्हणते,
आणि स्कूटर आली.

“काय करूलासा हो त्या दगडांचं?”
चाळीस वेळा विचारलं असेल तिनं.
एकदा मी चिनी ठोकळा ऊन पाण्यात धुतला
आणि तसाच नळाखाली धरला.
टक्.
आवाज तिनंही ऐकला, स्वयंपाकघरातून.
चार दिशांनी फुटायची तयारी
हा दगड जन्मतःच करून येतो.
त्या दिवशी तिनं काही विचारलं नाही,
चहा ठेवला.

एक आहे, पाण्यासारखा. रंगच नाही त्याला.
मागचं अक्षर पुढं वाचता येतं.
जर्मनीतल्या एका म्हाताऱ्यानं पाठवला,
मी त्याला जालन्याकडचे झिओलाइट दिले होते.
डबीत तीन चिठ्ठ्या, एकाखाली एक.
सर्वांत खालची रशियन, तपकिरी शाईची.
वाचून घेतली एका निवृत्त मास्तरांकडून: तेत्युखे.
त्या गावाचं नाव पुढं बदललं.
खाण तीच, डोंगर तोच, नकाशावर दुसरंच गाव.
वरच्या चिठ्ठीत म्हाताऱ्यानं नवं नाव लिहिलं,
जुनी मात्र फाडली नाही.
पत्रात एकच ओळ होती त्याबद्दल:
चिठ्ठी बदलायची नाही, वर ठेवायची.

गेल्या रविवारी नात सौंदर्या बसली
कॉम्प्युटरवर सगळी यादी करायला.
“आजोबा, मालकाचा पत्ता काय टाकू?
बेळगाव की बेळगावी?”
बसच्या पाटीवर एक, रेशनकार्डावर दुसरं,
माझ्या तोंडात तिसरंच, आईनं घातलेलं.
या एका अक्षरावरून मी लाठ्या बघितल्यात,
बंद बघितलेत, भिंतींवर डांबर बघितलंय.
म्हटलं, दोन्ही छाप. एकाखाली एक.
“वर कुठलं?”
हे मात्र त्या म्हाताऱ्यानं कळवलं नव्हतं.

दिवे गेले तेव्हा तिला बोलावलं.
सराफाकडून आणलेला नोटा तपासायचा दिवा,
बॅटरीवरचा.
एकेक खण उघडत गेलो.
दिवसा जांभळे, हिरवे, पिवळे असणारे
किती तरी अंधारात सारखेच निळे.
काही मात्र पेटलेच नाहीत. मुकाट.
“हे खराब आहेत का?” तिनं विचारलं.
नाही गं. त्यांचा स्वभाव.

शेवटचा खण, बटण तुटलेला,
नुसता दोरा लोंबतोय.
पोत्यावरचा छाप तेव्हाच पुसला होता,
त्यामुळं खाण माहीत नाही, जिल्हा माहीत नाही.
सौंदर्यानं बोटं कीबोर्डवर ठेवली आणि थांबली.
“गाव?”

बसलिंगप्पा जाऊन सहा वर्षं झाली.
मीच पेन घेतलं. लिहिलं:
भट्टी नंबर दोन. पाणी व्हायच्या आधी.
त्याखाली त्याचं नाव, त्याच्या लिपीत,
तो हजेरीपटावर काढायचा तसं,
शेवटचं अक्षर जरा उतरतं.