शिल्लक

पहिल्याच पानावर अडलो.
कायमचा पत्ता.
मृण्मयी म्हणाली, बाबा, काय लिहू?
मी म्हटलं, पेटी क्रमांक लिही, रुवी, मस्कत.
इथे आमच्या पत्त्याला दार नाही,
पोस्टात एक लोखंडी खण आहे
आणि त्याची चावी मालकाकडे.
ती रकाना तसाच ठेवून पुढे गेली.
माझा व्हिसा दोन-दोन वर्षांचा.
असे बारा झाले.

मी वादी कबीरला, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात स्टोअरकीपर.
कुठल्या फळीवर कुठल्या मॉडेलचा क्लच
ते वीज गेली तरी हाताने सांगतो.
पण अमेरिकेतल्या एका वर्षाचा खर्च
तिने रियालमध्ये करून दाखवला, तेव्हा मला वाटलं
दशांशचिन्ह चुकलंय.
(इथे चिन्हापुढे तीन घरं असतात, चुकतं माणसाचं.)
चुकलं नव्हतं.
शिष्यवृत्ती मिळेल असं धरून, सगळं वजा करून,
आमच्या बाजूने बँकेत दाखवायला लागणार होते
नऊ हजार चारशे.
'दाखवायला' हा शब्द तिचा.
मी तो नीट ऐकून ठेवला.

कुंजुमोनने दिले दोन हजार, त्याच्या घराच्या स्लॅबचे.
यासीन मुकादमने बाराशे, बहिणीच्या लग्नाचे. म्हणाला,
तारीख चुकवू नको भाऊ, मंडपवाला मेव्हणाच आहे माझा.
सईदने पाचशे काढून दिले, कागद नको म्हणाला,
मग मीच रात्री वहीत लिहिले, दोनदा.
हिने भिशीतला आपला नववा नंबर दुसऱ्यावर आणला.
कसा, ते अजून सांगत नाही.
बाकीच्यांची नावं वहीत आहेत.

रविवारी बँकेतल्या मुलीने पत्र छापून दिलं.
शिक्का ओला होता,
गाडीत डॅशबोर्डवर वाळत ठेवलं, एसी तिकडे वळवून.
माझ्या नावापुढे एवढा आकडा
मी पहिल्यांदाच वाचत होतो.
सिग्नलला पुन्हा वाचला.
मागच्याने हॉर्न दिला.
घरी मृण्मयीने वाचला. म्हणाली,
बाबा, आपल्याकडे एवढे आहेत?
मी म्हटलं, आज आहेत.

निबंध साडेसहाशे शब्दांचा.
मला तिने दाखवला नाही, प्रिंटरने दाखवला.
शाई संपत आलेली, अर्धं पान फिकट गुलाबी.
एकच वाक्य लागलं:
माझे वडील क्लचप्लेटा मराठीत मोजतात.
मोजतो मी?
दुसऱ्या दिवशी दुकानात स्वतःवर लक्ष ठेवलं.
अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ.
खरंच की.

त्यांची एक तारखेची मध्यरात्र
म्हणजे आमची दोन तारीख, सकाळचे आठ एकोणसाठ.
नऊ तास आम्ही पुढे,
तरी धावपळ आमचीच.
कायमच्या पत्त्यात शेवटी तिने कुडाळ टाकलं.
तिथे ती सगळं मिळून दहा-अकरा महिने राहिली असेल,
सगळे मे.
पिनकोड मला विचारला. मला आठवेना.
हिने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितला.
आठ एक्केचाळीसला तिने बटण दाबलं
आणि पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडाले,
वाढदिवसाला उडवतात तसे.
झाडायला लागले नाहीत, हे हिला फार आवडलं.
मी दुकानात वीस मिनिटं उशिरा.

मग पैसे परत.
प्रत्येक वेळी मोबाइल वाजतो,
एवढे गेले, एवढे उरले.
यासीनचे आधी, मंडपामुळे.
शेवटचा मेसेज जेवताना वाजला.
मृण्मयीने मान वर केली नाही.
आपली सुरमईची तुकडी माझ्या ताटात सरकवली
आणि विचारलं, किती?
सहाशे एक रियाल, दोनशे चाळीस बैसा.
भिशीचे धरून?
धरून.
बघून खा, ती म्हणाली, काटा आहे.