कार्ड क्रमांक एकशे बेचाळीस

'धबधबा आणि नदी. कॅनव्हासवर तैलरंग.
अठराशे साठच्या सुमारास.'
सही आहे, वाचता येत नाही.

कमाटीबागेतल्या मागच्या खोलीत
आज अकरावा दिवस.
काडीला कापूस गुंडाळायचा,
जिभेवर ओला करायचा,
आणि हलकेच लाटत लाटत
दीडशे वर्षांचं पिवळं वॉर्निश उचलायचं.
हसू नका.
लाळेइतकं सौम्य काही
अजून कुठल्या बाटलीत मिळालेलं नाही.

म्हणजे हा एवढा साहेबी धबधबा
मी माझ्या तोंडच्या पाण्याने धुते आहे,
रोज तळहाताएवढा.

आधी तो चहासारखा कोसळत होता,
मग ताकासारखा,
परवा दुपारी इतका पांढरा झाला
की मी हात मागे घेतला.
वाटलं, मूळ रंगच निघून आला कापसावर.
कापूस नाकाशी नेला. जुन्या समईचा वास.
नाही, फक्त मळ होता.

सोळंकीभाई दारात स्टूल टाकून बसतात.
वरच्या दालनात बत्तीस वर्षं
याच चित्रासमोर त्यांचं स्टूल होतं.
बराच वेळ बघून म्हणाले,
"बेन, मने तो आ सांज लागती'ती."
तिथली संध्याकाळ त्यांच्या सवयीची झाली होती.
आता खालून सकाळ निघाली
तर माणूस जरा हिरमुसला.

आणि आज, उजवीकडे खाली,
जिथे वॉर्निश गुळाच्या पाकासारखं साचलं होतं,
एक माणूस सापडला.
जिऱ्याएवढा.
गुडघाभर पाण्यात उभा,
हातात जोडे.
कार्डावर त्याची नोंद नाही.
ब्रशचे तीन फटकारे, त्यातला एक घाईचा,
पण जोडे मात्र नीट दोन.

सोळंकीभाईंना बोलावलं.
ते वाकले, चष्मा कपाळावर सरकवला.
मागच्या वर्षी विश्वामित्री गल्लीत शिरली
तेव्हा तेही असेच आले होते कामावर,
चपला हातात,
दर चार पावलांना मागे वळून बघत.

कुठून कुठे चाललाय हा, त्यांनी विचारलं नाही.
कुणी काढलाय, तेही नाही.
हळूच म्हणाले,
"बेन, यात मगर तर नाही ना?"

मी हसले नाही.
दिवा जवळ ओढला, भिंग लावलं,
आणि काठाकाठाने
सगळं पाणी पुन्हा एकदा तपासलं.