सात ओगराळी

तूच सांग, मी रेइयोला म्हटलं.
बाप आहेस. मी तोंड उघडलं तर तो
कानात वायरी कोंबून बसेल.
रेइयो लाकडं फोडत होता.
सरपण पुरेसं झालं, तरी फोडतच राहिला.

एमेली जूनमध्ये लष्करातून परतला,
वीस वर्षांचा, डोकं भादरलेलं.
सोमवारी तो ओउलूला जाणार,
तिथे त्याची स्वतःची खोली,
आणि खोलीला आतून कडी.

आमच्याकडे उघड्या अंगाची लाज नाही.
तीन महिन्यांचा होता तेव्हा
मीच त्याला साऊनात नेलं होतं, सर्वांत खालच्या पायरीवर.
तेव्हापासून दर शनिवारी बाप-लेक
एका फळीवर बसतात, जन्मले तसे.
पाठीवरचा तीळन् तीळ ठाऊक.
शब्द मात्र आम्ही कायम
कोट-टोपी घालूनच बाहेर काढले.

मी पायरीवर, मांडीत टॉवेल,
डास मारत ऐकतेय.
ऐकतेय म्हणजे काय, तर पाण्याचं ओगराळं
तापल्या दगडांवर: चर्रर्र.
मग काही नाही.
दुसरं. तिसरं.
चौथ्यानंतर रेइयो खाकरला.
म्हणाला, यंदा तळ्याचं पाणी बरंच उतरलंय.
हो, एमेली म्हणाला.
पाचवं.

एकोणनव्वद साल. काजानीचा दवाखाना.
रेइयो आणि मी, अजून लग्न नव्हतं,
दोन खुर्च्या, मधे एक सुकलेली कुंडी.
बोटीवरच्या नोकरीतून त्याने काहीतरी आणलं होतं
आणि तीन आठवडे मूग गिळून बसला होता.
तेवढ्यात ते माझ्याकडेही आलं.
दहा दिवसांच्या गोळ्या, एवढंच.
गोळ्या मी विसरले.
ते तीन आठवडे अजून मोजता येतात मला,
कुठल्या मंगळवारी तो हसला होता, तेसुद्धा.

"तुझ्या आईला मी एकदा," रेइयो आत म्हणाला,
आणि सहावं ओगराळं ओतलं.
पुढचं वाक्य दगडांनी गिळलं.
वाफ निवेपर्यंत मी श्वास धरून.
"... म्हणून म्हणतो, लगेच सांगावं.
आधी सांगावं. लाज मागाहून येते
आणि जातेही."

बराच वेळ भूर्जाच्या डहाळ्यांचा सपसप आवाज.

"मी मार्चमध्ये तपासून घेतलं, बाबा,"
एमेलीचा आवाज, अगदी साधा,
बसचं वेळापत्रक सांगावं तसा.
"दोघांनी मिळून गेलो होतो."
"दोघांनी?"
"मी आणि"
सातवं त्याने ओतलं.
नाव मला ऐकू आलं नाही.
मुलीचं की मुलाचं, तेही नाही.

लालबुंद होऊन दोघे धावत सुटले, तळ्यात धपाधप.
टॉवेल घेताना रेइयो म्हणाला, सांगितलं.
काय काय?
सगळं, म्हणाला, आणि केस पुसत बसला
जितके आहेत तितके.

रविवारी रात्री बॅगेच्या तळाशी
मी औषधाच्या दुकानातलं पाकीट सरकवायला गेले.
तिथे आधीच एक होतं,
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं,
जाळ्याला मारतात ती गाठ.
मी माझं शेजारी ठेवलं,
वर लोकरीचे मोजे.