पाठकोरा

शनिवारची कार्यशाळा दहाला असते,
पण खळ शिजवायला मी आठलाच येते.
गव्हाचं सत्त्व, पाणी, मंद आच.
हात थांबला की गुठळी झालीच.
अभिलेखागाराच्या खिडकीखाली बंदर,
समोरच्या बेटावरच्या डोंगरानं आज ढग ओढून घेतलाय डोक्यावर,
म्हणजे दुपारी वारा,
म्हणजे खिडक्या बंद,
आणि पातळ कागदाजवळ कुणी शिंकायचं नाही.

दारावर लिहिलंय : घरचा एक कागद घेऊन या. प्रवेश मोफत.
मागच्या महिन्यात जुनी हस्ताक्षरं वाचायचा वर्ग होता,
तिघं आली, त्यातलं एक पाऊस चुकवायला.
आज अकरा. नकाशांच्या खोलीतून खुर्च्या आणाव्या लागल्या.

देओलिंदाबाईंनी आणलंय त्यांच्या गायीचं विमापत्र.
गाय जाऊन साठ वर्षं झाली,
नाव अजून गोठ्याच्या दारातून हाक मारावी तसं घेतात : मिमोझाऽ!
शाळेतल्या दोघींनी आणली पणजोबांची हिशेबवही,
देवमाशाच्या तेलाचे डाग अजून कागदात जिरलेले.
एक गृहस्थ लग्नाचा दाखला चिकटपट्टीनं जोडून घेऊन आले.
मी म्हटलं, "अरेरे, हे काय करून ठेवलंत!"
त्यांना वाटलं, लग्नाबद्दलच म्हणतेय.

सगळ्यात शेवटी एर्मीनिउ गुलार्त.
जन्मभर बोटींची इंजिनं दुरुस्त केलेली,
हात घासून धुतलेले, तरी नखांच्या कडेला काळी रेघ.
बिस्किटांच्या डब्यात एक पत्र, घड्यांवर फाटून चार तुकडे.
"जोडून द्या. पण वाचायचं नाही.
तुम्ही नाही, मीही नाही."

राखेच्या वर्षी छपरं भारानं बसली,
अर्धं गाव अमेरिकेला गेलं, त्यात त्यांची ओदीलियाही.
तिचं हे एकच पत्र आलं.
आईला अक्षरओळख नव्हती,
पाद्रीबाबा देतो म्हणाले वाचून, तिनं दिलं नाही.
उशीखाली ठेवलं, रोज उघडलं, रोज मिटलं,
घड्या तिच्याच हातानं झिजल्या.
"तिनं वाचलं नाही," एर्मीनिउ म्हणाले, "तर मी कोण मोठा लागून गेलो?"

मी सगळ्यांना सांगितलं :
कागद पालथा घालायचा.
ठिगळ नेहमी पाठीकडून.
पत्र पाठकोरं होतं, त्यांचं नशीब.
पण शाई कागदातून उमटते,
आणि उलटी अक्षरं वाचण्यात माझी एकतीस वर्षं गेलीत.
नजर आपसूक धावते, बिळाकडे मांजर धावावी तशी.

म्हणून ब्रश मी वेरिसिमाला दिला,
हिशेबवहीवाल्या दोघींतली धाकटी.
छापील सोडून तिला दुसरी अक्षरं लागत नाहीत,
हाताची मात्र अशी स्थिर की मला हेवा वाटावा.
मी शेजारी उभी राहून बोटीच मोजल्या.
एर्मीनिउ तुकडे धरून होते, डोळे छताला.
"डावीकडे, आजोबा. अजून थोडं. पुरे."
जिथे कडा कडेला भेटली
तिथे त्यांच्या अंगठ्याला ते आधी कळलं.
"बसली," ते म्हणाले,
इंजिनाच्या झडपेला म्हणावं तसं.

एक शब्द मला दिसलाच.
तो इथे लिहिणार नाही.

टिपकागद, वर काच, वर शिशाची वजनं.
दोन तास वाळायला. तेवढ्यात देओलिंदाबाईंनी
सगळ्यांना चीज वाटलं, कागदांपासून लांब, व्हरांड्यात,
आणि वेरिसिमानं खळ चाटून पाहिली.
"कशालाच लागत नाही," म्हणाली.

नोंदवहीत एक रकाना असतो : मजकुराचे स्वरूप.
तिथे मी लिहिलं :
पत्र, एक पान, पाठकोरं. चार तुकडे होते.

एर्मीनिउ दोन पुठ्ठ्यांमध्ये ते घेऊन बसमध्ये चढले.
वारा सुटलाच होता.
मी खिडकीतून पाहत होते :
त्यांनी पुढच्या सीटवरच्या बाईला
काच लावून घ्यायला सांगितलं,
मग मागच्यालाही.