सूर्याचा फोटो

वाडीचं गोदाम. पंखा नुसता आवाज करतो.
सव्वीस ड्रायव्हर, प्लास्टिकच्या खुर्च्या,
टेबलावर नातवाची दोन खेळणी :
पिवळा टिप्पर आणि एक चाक गेलेली जीप.
कंपनी म्हणाली, दोन तासांत शिकवून टाका.
मी जीप टिप्परवर आदळतो.
बोला, आता काय?

"पळायचं," मागून ताजणे म्हणतो,
आणि सगळे हसतात, मीही,
कारण उत्तर चूक आहे आणि खरं आहे.

आधी माणूस. श्वास पाहा, रक्त पाहा, एकशे आठ लावा.
कॅमेरा त्यानंतर.
गाड्या हलायच्या आत दुरून चार फोटो,
मग जवळ या : काच, नंबर, ओरखडा.
ओरखड्याशेजारी अशी वस्तू ठेवा
जिचं माप कोणालाही कळेल.
"खर्र्याची पुडी चालते का, सर?"
चालते, उईके. पण वकील विचारेल, कोणाची होती.

ब्रेकचा डाग लवकर टिपा.
मे महिन्यात आपलं डांबर लोण्यासारखं,
टायर त्यात सगळं लिहून ठेवतो
आणि मागून येणारे ट्रक अर्ध्या तासात पुसून नेतात.
साक्षीदाराचा नंबर घ्या, तिथंच रिंग देऊन पाहा.
पोहेवाल्यानं सगळं पाहिलेलं असतं,
पण तर्री संपली की तो गाडा ढकलत निघून जातो.
आणि "माझं चुकलं" असं म्हणू नका.

"काहून? चुकलं असंल तं?"

हा वाघाडे. मिशी अजून धड फुटलेली नाही.
कंपनीच्या कागदावर याचं उत्तर नाही.

मी खडू ठेवतो.
हाच अमरावती रोड, सव्वासहा वाजलेले,
मी पश्चिमेकडे, काचभर सूर्य.
सायकल दिसली ती आवाज झाल्यावर.
पळालो नाही. त्याला पाणी पाजलं,
जे पाजायचं नसतं, हे मागाहून कळलं.
त्याचा पाय वाचला. माझं लायसन्स नाही.
अकराव्या तारखेला साहेबांनी विचारलं,
सूर्य कुठे होता?
समोर.
पुरावा?

कोणी खुर्ची सरकवत नाही.
आणि सूर्य समोर होता, वाघाडे,
तर पाय ब्रेकवर का नव्हता,
हे त्यांनी विचारलं नाही.
मी विचारतो, अधूनमधून, रात्री.
म्हणून फोटो दोन्ही बाजूंचे काढ.
तुला नडणारासुद्धा.

नंतर सराव. आवारात उभ्या ट्रकांभोवती
सगळे फोन वर करून फिरतात,
लग्नातल्या फोटोग्राफरसारखे वाकतात, मागे सरकतात.
वाघाडे एकटाच फाटकाशी, रस्त्याकडे तोंड करून.
मग धावत येतो, फोन पुढे धरतो.

"सर, याच्यात तं काहीच नाई.
नुसतं पांढरं."

मी चष्मा काढून पाहतो.
खालच्या कोपऱ्यात सहा वाजून चौदा मिनिटं.

हो, मी म्हणतो.
हेच दिसत होतं.